बंब, बॉयलर आणि फायरमन

परवा सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीत बसले होते. आमच्या या खिडकीतून पूर्वी, म्हणजे आम्ही २००६ साली हिंजवडीत राहायला आलो तेव्हा, शेतं दिसायची. आता काचेच्या इमारती आणि मेट्रोचे खांब दिसतात. असो. तेवढ्यात फोन वाजला. धाकट्या बहिणीच्या नातीनं इंग्लंडहून फोटो पाठवला होता. अंगात निळा डांगरीचा डगला, डोक्याला रुमाल, गालावर काजळीचा फराटा, हातात फावडं आणि मागे इंजिनाच्या भट्टीचं उघडं लालबुंद तोंड. खाली एवढंच लिहिलेलं, "आजी, पास झाले. आजपासून मी फायरमन!"

चिरंजीव ऑफिसला निघाले होते. (ऑफिस इथून तीन किलोमीटर. पोचायला किती वेळ लागतो ते विचारू नका.) जाता जाता डोकावून म्हणाला, "अरे वा, फायर ब्रिगेडमध्ये गेली का?"

म्हणजे बघा, एका पिढीत शब्दाचा अर्थ पुसला गेला. माझ्या लहानपणी दौंडमध्ये फायरमन म्हटलं की कोणालाही आगीचा बंब आठवला नसता. फायरमन म्हणजे इंजिनात कोळसा घालणारा माणूस. माणूस म्हणजे पुरुष, हे वेगळं सांगायला लागत नव्हतं. म्हणूनच तो फोटो मी दिवसभर पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. नातीला विचारलंही, "अगं, तुम्हाला फायरवुमन म्हणत नाहीत का?" तर म्हणाली, "नाही आजी, आम्ही सगळे फायरमनच. पदाचं नाव आहे ते."

आता ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इंग्लंडात मुख्य मार्गावरची वाफेची गाडी ११ ऑगस्ट १९६८ ला बंद झाली. पण त्याच्याही आधी, १९५१ साली, वेल्समधली टॅलिलिन नावाची एक चिमुकली रेल्वे बंद पडायच्या बेताला आली, तेव्हा काही हौशी लोकांनी ती स्वतः चालवायला घेतली. तिथून ही चळवळ सुरू झाली. बंद पडलेले मार्ग, भंगारात निघालेली इंजिनं लोकांनी वर्गणी काढून विकत घेतली आणि दुरुस्त केली. आमची नात जाते ती सेव्हर्न व्हॅली रेल्वे. किडरमिन्स्टर ते ब्रिजनॉर्थ, सोळा मैल. १९६५ मध्ये संस्था निघाली, १९७० साली पहिली गाडी सोडली आणि किडरमिन्स्टरपर्यंत पोचायला १९८४ उजाडलं. इंजिनावरची बहुतेक मंडळी बिनपगारी. आठवडाभर नोकरी करायची आणि शनिवारी पहाटे उठून कोळसे ओढायला जायचं! बहीण मला फोनवर म्हणते, "एवढं शिकवलं ते याच्यासाठी?" मी म्हटलं, आपण नाही का शाळेत श्रमदानाला जायचो, पाटी-फावडं घेऊन? तसंच समज. पण तिचं समाधान झालं नाही.

तिथं एकदम फावडं हातात देत नाहीत बरं का. आधी इंजिन पुसायचं, भट्टीतली राख काढायची, तेलपाणी बघायचं. अशी दोन वर्षं तिनं काढली. मग नियमांची परीक्षा आणि मग एक पूर्ण फेरी तपासनिसासमोर. आमच्या अण्णांनाही असंच करावं लागलं होतं. आधी क्लीनर, मग सेकंड फायरमन, मग फर्स्ट फायरमन आणि केस पांढरे झाल्यावर ड्रायव्हर.

हे अण्णा म्हणजे दौंडला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत राहणारे. माझे वडील माल गोदामात कारकून होते, त्यामुळे आम्हीही रेल्वेचेच. तेव्हा मुंबई ते पुणे विजेचं इंजिन असायचं. कल्याणपासून पुण्यापर्यंतचं विद्युतीकरण १९२९-३० मध्येच झालेलं. पुण्याला ते इंजिन सुटायचं आणि वाफेचं लागायचं. पुढे दौंड, कुर्डुवाडी, सोलापूर सगळा धुराचा प्रदेश. आमच्या चाळीत वाळत घातलेलं पांढरं धोतर संध्याकाळपर्यंत पांढरं राहिलं तर आई देवापुढे साखर ठेवायची, असं वडील थट्टेनं म्हणायचे.

मोठ्या इंजिनावर ड्रायव्हर आणि दोन फायरमन असत. फायरमनचं काम म्हणजे नुसतं फावड्यानं कोळसा फेकणं, असा लोकांचा समज असतो. मलाही तसंच वाटायचं. अण्णांनी एकदा आम्हा पोरांना समजावून सांगितलं ते आमच्या घरच्या बंबावरून, आणि ते मी पुढे छत्तीस वर्षं वर्गात वापरलं.

नव्या मुलांनी बंब बघितला नसेल. तांब्याचं उभं भांडं, त्याच्या पोटातून आरपार गेलेली एक नळी. नळीत खाली जाळी, जाळीवर विस्तव, वर धुरांडं. नळीच्या भोवती पाणी. वरून पाणी ओतायचं, खालच्या तोटीतून कढत पाणी काढायचं. अण्णा म्हणाले, "इंजिन म्हणजे आडवा ठेवलेला बंब. तुमच्या बंबात एक नळी, आमच्यात शंभरावर. बंबात वाफ निसटून जाते, आम्ही ती कोंडून ठेवतो. बाकी सगळं तेच."

आणि खरंच तेच! आईचा पहिला नियम होता, आधी पाणी, मग विस्तव. बंबात पाणी नसताना जाळ घातला की डाग सुटतो आणि बंब गळायला लागतो. इंजिनातही भट्टीच्या वरच्या पत्र्यावर कायम पाणी हवं. ते उतरलं तर त्या पत्र्यात बसवलेली शिशाची गुडदी, लेड प्लग म्हणायचे तिला, वितळते आणि वाफ भट्टीत शिरून धोक्याची सूचना देते. तिकडेही दुर्लक्ष झालं तर बॉयलर फुटून माणसं मरतात. म्हणून फायरमनचा एक डोळा कायम पाण्याच्या काचेवर.

आई म्हणायची, जाळ कोंबू नका, थोडं थोडं घाला. अण्णाही तेच सांगायचे. भट्टीत एकदम कोळसा लोटला की आग गुदमरते, काळा धूर निघतो आणि वाफ बसते. चार-सहा फावडी घालायची, दार लावायचं, धूर बघायचा. पातळ करडा धूर निघाला म्हणजे आग खूश. दार उघडं राहिलं तर थंड हवा आत शिरते, तेही वाईट. आग सगळीकडे सारखी हवी, मध्येच भोक पडलं तर तिथून वारा घुसतो. वीटभट्टीत विटेचा खंगर होतो ना, तसा वाईट कोळशाचा जाळीवर खंगर जमतो. तो सळईनं फोडून काढायचा. चढ यायच्या आधी आग तयार पाहिजे. चढावर पोचल्यावर धावपळ करून उपयोग नाही. आणि हे सगळं हलत्या पत्र्यावर उभं राहून, एका अंगाला भट्टी आणि दुसऱ्या अंगाला थंडी-पाऊस. त्या वेळच्या डब्ल्यूपी इंजिनाच्या बॉयलरमध्ये दर चौरस इंचाला २१० पौंड दाब असायचा. काटा तिथून खाली आला की ड्रायव्हर बघायचा फायरमनकडे.

रात्री शेडमध्ये इंजिन उभं करताना आग विझवत नसत. निखारे एका बाजूला ओढून झाकून ठेवत, म्हणजे सकाळी लवकर पेटवता येई. आता मला सांगा, चुलीतला विस्तव राखेखाली झाकून ठेवून पहाटे फुंकणीनं फुलवणं, हे आपल्याकडे कोणी केलं? माझ्या आजीनं सत्तर वर्षं केलं. तिला ओलं लाकूड, सुकं लाकूड, शेणी, नारळाची किशी, कशाचा जाळ किती वेळ टिकतो हे डोळे मिटून सांगता यायचं. वाऱ्याची दिशा बदलली की चुलीचं तोंड कसं धरावं हेही. या विद्येला आपण स्वयंपाक म्हटलं. तीच विद्या इंजिनावर गेली की तिला पद मिळालं, पगार मिळाला, बढती मिळाली. आणि बाईला मज्जाव झाला.

अंगात ताकद लागते, हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. लागतेच. नात म्हणते, दिवसाला टन-दीड टन कोळसा हातून जातो आणि रात्री कोपर दुखतं. पण ताकदीचं म्हणाल तर दौंडच्या शेडमधलं एक दृश्य मला विसरता येत नाही. तिथं कोळशाचा मोठा ढीग असायचा. त्या ढिगातून पाट्या भरून, डोक्यावर घेऊन, फळीवरून वर चढून इंजिनाच्या टेंडरमध्ये कोळसा ओतायच्या त्या बायका. रोजंदारीवरच्या. अंगावरच्या लुगड्याचा मूळ रंग कुठला ते कळायचं नाही. एकीचं तान्हं पोर सावलीला झोळीत असायचं. मालगाडीच्या इंजिनाच्या टेंडरमध्ये पंधरा-अठरा टन कोळसा मावतो. त्यातला कितीतरी कोळसा या बायकांच्या मानेवरून गेलेला. खाली, राख पाडायच्या खड्ड्याशी, दुसऱ्या बायका आणि पोरी बसलेल्या असत. राखेतले अर्धवट जळलेले कोळसे वेचायला. पायाला चटके बसायचे. ते कोळसे पाटीला काही आण्यांनी चाळीत विकायच्या, आणि आमच्या आईची शेगडी त्यावर पेटायची.

म्हणजे कोळसा टेंडरपर्यंत नेणारी बाई, राखेतून वेचणारी बाई, घरी त्याच कोळशावर भाकरी भाजणारीही बाई. टेंडरपासून भट्टीच्या दारापर्यंतची चार पावलं तेवढी पुरुषाची!

रेल्वेच्या इतिहासात बायका नव्हत्या असं मुळीच नाही. आपल्या खंडाळ्याच्या घाटाचंच घ्या. बोरघाटातल्या लोहमार्गाचं कंत्राट १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रजानं घेतलं. तो मुंबईत आला आणि महिन्याभराच्या आत आजारानं गेला. त्याची बायको ॲलिस हिनं कंत्राट सोडून परत जाण्याऐवजी ते आपल्याकडे ठेवलं, दोन अनुभवी इंजिनिअर कामावर नेमले आणि काम तडीस नेलं. पंचवीस बोगदे, सदतीस फुटांत एक फूट असा चढ, ऐन भरात चाळीस हजारांच्या वर मजूर. त्या मजुरांमध्ये पाट्या वाहणाऱ्या बायका होत्याच. २१ एप्रिल १८६३ ला मार्ग खुला झाला. ॲलिसचं नाव पुस्तकांत सापडतं, पाटीवालीचं कुठं सापडणार? पण ॲलिससुद्धा मालकीण होती. इंजिनावर चढणं ही वेगळी गोष्ट.

विलायतेतही तेच झालं. दोन्ही महायुद्धांत पुरुष लढाईवर गेले म्हणून रेल्वेत हजारो बायका घेतल्या. हमाल म्हणून, गार्ड म्हणून, सिग्नलच्या केबिनीत, इंजिनं घासायला पुसायलासुद्धा. पण क्लीनरच्या पुढची पायरी म्हणजे फायरमन, आणि ती पायरी मात्र त्यांना चढू दिली नाही. युद्ध संपलं, बायका घरी. बायकांना नोकरीत भेदभाव करू नये असा कायदा तिथं १९७५ साली आला, म्हणजे वाफेची इंजिनं थंड होऊन सात वर्षं झाल्यावर. कॅरन हॅरिसनसारख्या मुली ब्रिटिश रेल्वेत इंजिनावर गेल्या त्या सत्तरच्या दशकाच्या शेवटी, डिझेलवर. त्यामुळे तिकडे बाईला खराखुरा कोळसा घालायला मिळाला तो या हौशी लोकांच्या जुन्या गाड्यांवरच. गंमत आहे की नाही? आमची नात जे जुनं जतन करायला गेली आहे, ते तिच्या आजीच्या पिढीला कधी मिळालंच नव्हतं.

याला अपवाद आहेत. रशियात झिनाइदा त्रोइत्स्काया ही १९३५ च्या सुमाराला वाफेच्या इंजिनाची चालक झाली आणि दुसऱ्या महायुद्धात तर तिथं बायकांनी मोठ्या संख्येनं इंजिनं चालवली. चीनमध्ये त्येन क्वेइयिंग नावाची कोळ्याची मुलगी डालियनच्या रेल्वेच्या खानावळीत कामाला होती. इंजिन शिकवायला मुली हव्यात असं कळल्यावर ती पुढे झाली. खानावळीतल्या चुलीवरून थेट बॉयलरवर! ८ मार्च १९५० ला तिनं गाडी नेली आणि इंजिनावर सगळ्या मुलीच होत्या. हे मुद्दाम लिहिते, कारण आपल्या वर्तमानपत्रांत सुरेखा यादव यांना 'आशियातली पहिली महिला रेल्वेचालक' असं छापतात. इतिहास शिकवणाऱ्या बाईला हे खटकतं. भारतातली पहिली म्हणा, ते पुरेसं मोठं आहे.

आता सुरेखाताईंचं. जन्म १९६५ चा, साताऱ्याचा. घर शेतकऱ्याचं. कराडच्या सरकारी तंत्रनिकेतनातून विजेच्या शाखेची पदविका. मूळ मनात काय होतं ठाऊक आहे? गणितात बीएस्सी करायचं, मग बीएड आणि शिक्षिका व्हायचं. (आमच्या व्यवसायाचं नुकसान, रेल्वेचा फायदा.) १९८६ मध्ये त्यांनी रेल्वेची परीक्षा दिली. कल्याणच्या प्रशिक्षण केंद्रात शिकल्या आणि १९८९ साली सहायक चालक झाल्या. पहिली गाडी वाडीबंदर ते कल्याण मालगाडी.

हे सहायक चालक पद म्हणजे कोण? तर वाफ गेल्यावर फायरमनचं जे झालं तेच. भट्टी गेली, फावडं गेलं, पण ड्रायव्हरशेजारी उभं राहून सिग्नल बघायचा आणि मोठ्यानं पुकारायचा, इंजिनावर लक्ष ठेवायचं, हे राहिलं. म्हणजे माझ्या हिशेबानं सुरेखाताई अण्णांच्याच जागेवर बसल्या. फरक इतकाच की तोवर आग विझली होती. आपल्याकडे चित्तरंजनला मोठ्या रुळांचं शेवटचं वाफेचं इंजिन १९७० साली बांधलं, माथेरानची वाफेची इंजिनं १९८२ मध्ये थांबली आणि मोठ्या रुळांवरची नेहमीची शेवटची वाफेची गाडी १९९५ च्या डिसेंबरात जालंधर-फिरोजपूर मार्गावर धावली. इंग्लंडात कायदा आला तोवर आग विझलेली, आपल्याकडे मुली आल्या तोवर आग विझत आलेली. दोन्हीकडे इंजिनाचं दार बाईला उघडलं ते भट्टी थंड होताना. याला मी योगायोग म्हणणार नाही. काम हलकं झालं की मग ते बायकांना देता येतं, असा हिशेब त्यामागे असतो. आणि जड कामाचं म्हणाल तर त्या पाटीवाल्या...

असो, तो विषय आला की मी भरकटते.

सुरेखाताईंचं काम हलकं होतं असं मात्र कोणी समजू नये. मालगाडीला वेळ नसते, कधी कुठल्या स्टेशनाबाहेर तासन् तास उभी राहील सांगता येत नाही. इंजिनात शौचालय नाही, आणि आजही सगळ्या इंजिनांत नाही. त्यांच्या मागोमाग १९९१ मध्ये मुंबईच्या मुमताज काझी आल्या, त्या डिझेलवर. त्यांना २०१७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते नारी शक्ती पुरस्कार मिळाला. सुरेखाताईंनी २००० साली मुंबईची लेडीज स्पेशल चालवली, आणि ८ मार्च २०११ ला पुण्याहून दख्खनची राणी घेऊन बोरघाट उतरल्या. १३ मार्च २०२३ ला त्यांनी सोलापूरहून मुंबईला वंदे भारत नेली. ३० सप्टेंबर २०२५ ला निवृत्त झाल्या, छत्तीस वर्षांच्या नोकरीनंतर. माझीही नोकरी छत्तीसच वर्षांची, पण मी एका जागी उभी राहून केली.

ती वंदे भारत दौंडवरूनच गेली. मला पाटीवाल्या आठवल्या आणि अण्णांच्या वहिनी आठवल्या. म्हणजे त्यांची बायको, आम्ही सगळी पोरं त्यांना वहिनी म्हणायचो. अण्णा ड्युटीवरून आले की त्यांचे कपडे सोड्यात उकळणं, पाठीला तेल चोळणं हे वहिनींचं काम. पण ऐकून ऐकून त्यांना इंजिन इतकं पाठ झालं होतं, की अंगणात भांडी घासताना गाडी गेली की मान वर करून धुराकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आज कुणी नवखा आहे वाटतं, नुसता काळा ओकतोय." एकदा अण्णांनी शेडमध्ये माझ्या भावाला इंजिनावर चढवलं. मी पुढे झाले तर म्हणाले, "तू परकर सांभाळ, भाजेल." वहिनी शेजारीच होत्या. म्हणाल्या, "मला तरी वीस वर्षांत कुठं चढवलंय." हसत म्हणाल्या. मी नऊ वर्षांची होते. भावाला नंतर आठवडाभर चिमटे काढले. (दादा, तू हे वाचशीलच. आता माफ कर.)

इथपर्यंत लिहून खरं तर थांबता आलं असतं. पण नातीचा फोटो आल्यापासून एक गोष्ट डोक्यातून जात नाही, ती लिहून टाकते.

साल १९८६. मी तालुक्याच्या गावी एका शाळेत शिकवत होते, वय छत्तीस. एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. दहावीनंतर तिनं पदविका केली होती. गणितात फार हुशार, आणि माझ्यावर तिचा जीव. हातात वर्तमानपत्राचं कात्रण होतं. रेल्वेत सहायक चालकाच्या जागा. तिला अर्जासोबत चारित्र्याचा दाखला हवा होता. मी तो लिहून द्यायचा, एवढंच काम.

मी कात्रण वाचलं आणि हसले. वाईट हेतूनं नाही. म्हटलं, "अगं, मी रेल्वेच्या चाळीत वाढले आहे. मला ठाऊक आहे ते काम कसं असतं. रात्री-अपरात्री रानात गाडी थांबणार, बरोबर परके पुरुष. उद्या स्थळं आली तर काय सांगणार, मुलगी मालगाडीवर असते?" ती म्हणाली, "पण बाई, आता कोळसा नाही घालावा लागत. विजेचं असतं." मी म्हटलं, "ते काम बायकांचं नव्हे गं." आणि मग मोठ्या मायेनं तिला चहा दिला, बँकेच्या परीक्षेचं पुस्तक दिलं. दाखला लिहिला नाही. तिनं हट्ट धरला नाही. कात्रण घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि नमस्कार करून गेली.

त्याच वर्षी तिकडे साताऱ्याची एक मुलगी तोच अर्ज भरत होती. तिला दाखला कोणी दिला असेल, त्या गुरुजींना किंवा बाईंना मला भेटायला आवडलं असतं.

अण्णांनी मला चढवलं नाही याचा राग मी कित्येक वर्षं सांभाळला, आणि माझ्याकडे कोणी चढायला आलं तेव्हा मी अण्णांचंच वाक्य बोलले. परकराऐवजी स्थळांचं नाव घेतलं, इतकंच. अण्णांना निदान आग समोर दिसत होती.

ती मुलगी बँकेत लागली. चांगली नोकरी केली, संसार चांगला झाला. तेव्हा माझ्यामुळे तिचं वाटोळं झालं वगैरे काही नाही, आणि ती चालक झालीच असती असंही नाही. मार्च २०२३ मध्ये वंदे भारतची बातमी आली, त्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. "बाई, पेपर बघितलात का आजचा?" मी म्हटलं, "बघितला." पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तिनं माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मी तिच्या मुलीच्या लग्नाची. त्या कात्रणाचा विषय तिनं काढला नाही. मीही नाही.

नातीचा फोटो मी तिला पाठवला आहे, आणि खाली ते १९८६ चं सगळं लिहिलं आहे. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून नाही.

इकडे नातीचा दुसरा निरोप आला. म्हणते, "आजी, जूनमध्ये ये. आमच्याकडे इंजिन उभं असताना पाहुण्यांना वर चढवता येतं. साडी नको, पंजाबी ड्रेस घाल आणि कापड सुती असू दे." मी विचारलं, पायऱ्या किती? तर म्हणाली, तीन, पण उंच आहेत, मी वरून हात देईन. डॉक्टरांना विचारलं पाहिजे. पासपोर्ट काढून बघितला, २०२८ पर्यंत चालतोय.